फोनला न कळणारी मराठी

१० फेब्रुवारी. काम : बॅग रिकामी करणे. चिखलाची सलवार वेगळी भिजत घातली, बाकीचे कपडे मशीनला लावले. आता तासभर मोकळा आहे, तेवढ्यात हे लिहून टाकते.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात दरवर्षी कुणीतरी थायलंडला नाहीतर युरोपात जाऊन आलेलं असतं. यंदा संपादकबाईंनी विचारलं, "तुम्ही कुठं जाऊन आलात म्हणे?" मी सांगितलं, नागपूरला. "काय बघितलंत?" मैत्रीण, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, तेच लिहा." अंकात पानं उरली असावीत.

जाण्याआधी

वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या बदलीमुळे सांगलीची मी तीन वर्षं नागपूरच्या कॉलेजात शिकले. तिथं शेजारच्या बाकावर करुणा बसायची. नरखेड तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, मामाकडे राहून शिकणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काहून वं, तू एवढी हळू काहून बोलते?" मी हळू बोलत नव्हते. मला तिचं कळत नव्हतं. महिन्याभरात कळायला लागलं आणि वर्षभरात मीही "मले" आणि "तुले" करायला लागले. ते ऐकून आई घरी डोक्याला हात लावायची.

सांगलीला परतल्यावर पत्रं सुरू झाली. निळी आंतरदेशीय. करुणा बोलायची तसंच लिहायची, आणि घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहायची, त्यामुळे पत्र फोडताना दरवेळी एकदोन वाक्यं फाटायची. पुढच्या पत्रात मी ती विचारायची आणि ती सांगायची. लग्नं झाली, पत्रं कमी झाली. मग रविवारी सकाळी एसटीडी बूथ. तिथं बाहेरचा माणूस काचेवर टकटक करायचा, म्हणून आम्ही दोघी एकदमच बोलायचो. मोबाइल आल्यावर वाटलं, आता काय, रोज बोलू. दर दोन महिन्यांनी बोललो. मग व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि बोलणं बंदच झालं. सकाळी तिच्याकडून गुलाब यायचा, मी हात जोडायची. संपला विषय.

त्यात अलीकडे तिची भाषा बदलली. "तुझी प्रकृती कशी आहे? आमच्याकडे सर्व कुशल आहे." ही करुणा? ही तर आकाशवाणीवरची बाई. करुणा सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. मला वाटलं, ती आता मलाही आवक-जावक नोंदीत घालते आहे.

आणि एक जुनी गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगी पल्लवी तेव्हा बंगळूरला नोकरीत. मी लिहिलं, मी येऊ का? तिचं उत्तर आलं, "मला इथं तुझी गरज नाही." एवढंच. मी "बरं. काळजी घे" असं लिहिलं आणि गेले नाही. त्यानंतर गुलाबही अधूनमधून यायला लागले.

या जानेवारीत अचानक मेसेज आला, "सवड असल्यास नागपूरला यावे. संत्री तयार होत आहेत." मी तिकीट काढलं. विचार सरळ होता. मैत्री शिल्लक असेल तर समक्ष दिसेल, नसेल तर तेही दिसेल. मग मी तरी सकाळी हात जोडायचे थांबवीन.

मनीषनगर

गाडीत एक अख्खा दिवस आणि वर काही तास गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्टेशनवर पल्लवी आली होती. ती आता बंगळूर सोडून इथंच, विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत आहे. तिनं माझी बॅग उचलली आणि म्हणाली, "मावशी, मम्मी सकाळपासून घर पुसून राहिली. तुम्ही येऊन राहिल्या म्हणून. मले तं सोफ्यावर बसू नाही दिलं."

हे ऐकूनच मला धडकी भरली. ज्या घरात सोफा राखून ठेवतात तिथं आपण पाहुणे असतो.

झालंही तसंच. मनीषनगरच्या घराच्या दारात करुणा उभी. केस पिकलेत, अंगानं भरली आहे, हसू तेच. मी मिठी मारायला गेले तर तिनं हातात पाण्याचा ग्लास दिला, बशीवर ठेवून. "ये, बस. प्रवास कसा झाला? तुला त्रास नाही ना झाला?"

तुला. मी मोजत होते म्हणा ना. पहिल्या तासाभरात एकदाही "तुले" नाही, "वं" तर नाहीच. बाथरूममध्ये माझ्यासाठी कोरा टॉवेल, त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. जेवायला हॉटेलातून मागवलेलं पनीर. "तुला तिखट चालतं की नाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. ज्या बाईच्या डब्यातली वांग्याची भाजी मी तीन वर्षं रडत रडत खाल्ली, ती मला विचारते तिखट चालतं का. मी पनीर खाल्लं. गोड होतं.

मीही काही कमी केलं नाही. "छान आहे हं घर," मी म्हटलं. बैठकीतली बुद्धाची पितळी मूर्ती, खिडकीतली तुळस आणि कोरफड, सगळ्याचं कौतुक केलं. दोन पन्नाशीच्या बायका एकमेकींशी इतक्या नीट वागत होत्या की पल्लवी कंटाळून आपल्या खोलीत निघून गेली.

सकाळी पल्लवीनं तर्री पोहे खायला नेलं. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा ओततात आणि लोक सकाळी आठ वाजता तो घाम पुसत खातात. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं आणि फार तर लिंबू. पोह्यांना इतकं घाबरायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. तरी दुसरी प्लेट घेतली.

परत आले तर करुणा स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन तोंडासमोर धरलेला. आणि ती खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणत होती :

"माननीय साहेब. स्वल्पविराम. घरी. पाहुणे. आल्यामुळे. मी. आज. कार्यालयात. उपस्थित. राहू शकणार नाही." आणि त्याच दमात मान वळवून, "पल्लू, दूध उतू जाऊन राहिलं ना वं! गॅस बंद कर, दिसत नाही का तुले?"

पल्लवीनं गॅस बंद केला, फोन हातात घेतला आणि हसतच सुटली. साहेबांना मेसेज गेला होता : "माननीय साहेब, घरी पाहुणे आल्यामुळे मी आज कार्यालयात उपस्थित राहू शकणार नाही पल्लू दूध ऊस जाऊन राहिलंना गॅस बंद कर."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बोलून लिहिते ती," पल्लवी म्हणाली. "टाइप कराचा कंटाळा. अन् फोनशी बोलताना असं बातम्यांसारखं बोलते."

"मंग काय करू?" करुणा म्हणाली. "त्याले आपली मराठी समजतच नाही. मी म्हनलं काहून, तं तो लिहिते कानून. त्याच्याशी पुणेरीच बोलावं लागते." मग माझ्याकडं बघून ती थोडी ओशाळली. "म्हणजे, तुमच्याकडची शुद्ध."

तर आकाशवाणीवरच्या बाईचा उलगडा झाला. ती माझ्याशी तुसडेपणानं वागत नव्हती, फोनशी अदबीनं वागत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिसरा चहा मागितला.

चहा निम्मा झाला तेव्हा मी सहज विचारलं, "कधीपासून बोलून लिहितेस?"

"ऑपरेशन झालं ना, हाताले सलाईन होतं. तेव्हापासून. पहिले पहिले तं लय काहीच्या काही लिहायचा."

"आणि पाठवायच्या आधी तू वाचत नाहीस?"

"बोललेलं कोण वाचते? मले माहीत असते ना मी काय बोलली ते."

मी कप खाली ठेवला. ऑपरेशनच्या वेळचा तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून होता. पण करुणाच्या गावी जायच्या बसची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर, दाखवायचा की नाही ते मला ठरवता येत नव्हतं.

नरखेडच्या बाजूला

करुणाचा धाकटा भाऊ मनोहर गावी संत्र्याची बाग बघतो. काटोलमार्गे एसटीनं अडीच तास. फाट्यावर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. एक गाडी, तीन माणसं, त्यातल्या दोघी आमच्यासारख्या.

"बसा मीनाताई, कालच कापसाचं गाठोडं नेलं, त्याच्यापेक्षा तुम्ही हलक्याच आहात," मनोहर म्हणाला.

"गाठोडं मधात बसते, मी मागं," करुणा म्हणाली. म्हणजे गाठोडं मी. पण हे तिनं मला उद्देशून काढलेलं पहिलं वाईट बोलणं होतं, आणि मी खूश झाले.

बाग सुंदर आहे असं लिहायची पद्धत आहे. मी एवढंच सांगते की संत्र्याचं झाड माझ्या समजुतीपेक्षा बुटकं असतं, फळांच्या ओझ्यानं फांद्या खाली येतात आणि त्यांना खालून बांबूचा टेकू देतात. आमच्याकडं उसाच्या शेतात शिरलं की आकाश दिसत नाही. इथं चारी बाजूंना नुसता उजेड. मनोहरनं विहिरीवरची मोटर सुरू केली होती. मी वर फळांकडं बघत चालले आणि झाडाच्या ओल्या आळ्यात घोट्यापर्यंत गेले. पाय निघाला, चप्पल राहिली. मनोहरनं काठीनं उकरून ती काढून दिली.

आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसून संत्री सोलत होतो. करुणा फोडींच्या शिरा काढून खाते, अजूनही. तिनं एक फोड मला दिली आणि मोटरच्या आवाजात, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तेव्हा बोलावलं तं आली नाही. संत्री खायाले बरी आली."

"कधी बोलावलंस?"

"ऑपरेशनच्या वेळेस. मी तुले म्हनलं, मले इथं तुही गरज हाय. अन् तू काय म्हनते? बरं, काळजी घे." तिनं साल विहिरीच्या पलीकडं फेकली. "आठ दिवस शेजारची बाई डबा आणून देत होती. मी तिले सांगितलं होतं, माही मैत्रीण येऊन राहिली सांगलीवरून, तुम्ही त्रास नका घेऊ."

मी फोन काढला. दोन वर्षं मागं जायला वेळ लागला, मध्ये फार गुलाब होते. मेसेज सापडल्यावर तो मोठा करून तिच्या हातात दिला. तिनं हात लांब केला, मान मागं घेतली, डोळे बारीक केले.

"मला इथं तुझी गरज…" ती थांबली. "नाही? मी असं काहून म्हनीन?"

"तू म्हटलं नाहीस. फोननं लिहिलं."

तिला पटेना. तिनं आपला फोन काढला आणि तोंडासमोर धरून, आपल्या खऱ्या भाषेत म्हणाली, "मले इथं तुही गरज हाय." पडद्यावर आलं : मालेगाव इथं तूही गरज. पुन्हा म्हणाली. आलं : माले इथं दुहेरी हायवे.

"ताई, मोटर बंद करतो, तो गोंधळून राहिला," मनोहर म्हणाला आणि बंद करून आला. एकदम शांत झालं. करुणानं तिसऱ्यांदा, अगदी हळू सांगितलं. फोननं विचार केला आणि लिहिलं : मला इथं तुझी गरज नाही.

मनोहर हसायला लागला. मीही हसले. करुणा नाही हसली. तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मीने, तुले खरं वाटलं?"

याचं सोपं उत्तर होतं. फोनची चूक आहे म्हणायचं आणि संत्रं सोलायचं. पण मी तीन वर्षं हिच्या शेजारी बसले होते. ही बाई असं वाक्य बोलणार नाही हे मला त्या दिवशीही माहीत होतं. एक फोन लावला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "विचित्र वाटलं. पण घरी रंगकाम काढलं होतं. सगळं सामान हॉलमध्ये, रंगारी डोक्यावर. तू गरज नाही म्हणालीस ते मला सोयीचं पडलं. म्हणून मी फोन केला नाही."

मनोहर उठून मोटर सुरू करायला गेला. करुणानं उरलेलं संत्रं न सोलता पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "चाल. बस निघून जाईन."

परतीची बस

अडीच तास ती माझ्याशी बोलली नाही. पलीकडच्या सीटवरच्या अनोळखी बाईशी मात्र भरपूर बोलली. कुठल्या गावच्या, मुली किती, कापूस घरात आहे की विकला. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, बघायला आली होतीस ना, मग हेही बघ. सत्य सांगून मोकळं वाटतं असं म्हणतात. मला वाटलं नाही. चिखलाची सलवार पायाला चिकटली होती आणि पोटात भूक होती, एवढंच.

घरी आल्यावर करुणा तडक स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मसाला भाजल्याचा असा खकाणा आला की पल्लवी खोकत बाहेर आली. "मम्मी, मावशीले तिखट जास्त होईन."

"होऊ दे," आतून उत्तर आलं.

पाटवडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि त्यावर काळपट तेल तरंगणारा रस्सा. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. करुणा समोर बसून मला बघत होती. पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला होता. तिनं तो सरकवला नाही.

"रंग कोणता दिला मंग?" तिनं विचारलं.

"काय?"

"घराले. एवढं रंगकाम होतं ना तुह्याकडं. कोणता दिला?"

"फिकट पिवळा."

"चांगला दिसते?"

"नाही. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघाले."

"बरं झालं," करुणा म्हणाली, आणि तांब्या सरकवला. "पी पाणी. नाक पूस वं, ताटात पडून राहिलं."

पल्लवीला काही कळलं नाही. ती आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होती, कारण आम्ही हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रस्स्याचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या वाचनालयात अशा ठिकाणी गैरसमज करून घेणारे वाचक आहेत.

जेवण झाल्यावर पल्लवीनंच विषय काढला. "मावशी, ही वाचत नाही म्हणते ना, हिले दिसतच नाही नीट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मार्चात ऑपरेशनची तारीख मिळाली. नेमकं तेव्हा मले ट्रेनिंगले हैदराबादला पाठवून राहिले."

"तू काहून सांगून राहिली?" करुणा तिच्यावर खेकसली.

"थेंब कोण टाकन मंग? दिवसातून चार वेळा टाकाचे असतात."

"शेजारची बाई टाकन."

मी ताटं उचलली आणि घासायला घेतली. करुणानं राहू दे म्हटलं नाही. ताटं मी विसळली, ती तिनं पुसली, आणि काटोलच्या बसमधल्या त्या बाईला तीन मुली आहेत हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी करुणा आंघोळीला गेली तेव्हा मी पल्लवीकडून ऑपरेशनची तारीख एका कागदावर लिहून घेतली, रिक्षा केली आणि स्टेशनवर गेले. घरबसल्या तिकीट निघतं हे मला माहीत आहे. पण फोनवर माझा विश्वास त्या दिवशी जरा कमी होता. खिडकीवर उभी राहिले आणि ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पोचेन असं तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही.

मग बाहेर येऊन करुणाला फोन लावला. मेसेज नाही, फोन.

"कुठं गेली वं तू? चहा थंडा होऊन राहिला."

"मार्चात येऊन राहिली मी. थेंब टाकाले. तिकीट काढलं."

पलीकडं कुकरची शिटी झाली.

"मले विचारलं का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "येताना सांबार आणजो. संपला."

नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. मी बर्डीच्या बाजारात उतरले, दोन जुड्या नीट निवडून घेतल्या आणि घरी नेल्या.